धम्मयात्रेला निघण्यापूर्वी

पूर्वी आमची धम्मयात्रा बोधगया, सारनाथ, कुशीनगर, फार तर लुंबिनीपर्यंत जायची. आता गावोगावचे उपासक-उपासिका पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या पैशांतून श्रीलंका, थायलंडला निघतात. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण पासपोर्ट, तिकीट आणि डब्यातल्या चटणीची जेवढी काळजी आम्ही घेतो, तेवढी तिथल्या रीतीभाती समजून घेण्याची घेतो काय?

श्रीलंकेचेच उदाहरण घ्या. विहारात शिरताना तिथे चप्पल आणि टोपी दोन्ही काढतात. खांदे, गुडघे झाकलेले असावे लागतात. पौर्णिमेला, म्हणजे 'पोया'ला, लोक पांढरी वस्त्रे नेसून अष्टशील पाळतात. त्या दिवशी दारूविक्री बंद असते. भन्तेंपेक्षा उंच आसनावर कोणी बसत नाही. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे हा अपमान समजला जातो. २०१२ साली मूर्तीचे चुंबन घेतानाचे फोटो काढणाऱ्या फ्रेंच पर्यटकांना तिथल्या न्यायालयाने स्थगित तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. २०१४ साली दंडावर बुद्ध गोंदवलेल्या एका ब्रिटिश महिलेला कोलंबोत अटक करून परत धाडण्यात आले. तिच्या मूलभूत हक्कांचा भंग झाला, असे २०१७ साली तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि भरपाई दिली; पण कोठडीतल्या रात्री तिने भोगल्याच. आमच्याही कितीतरी तरुणांच्या दंडावर श्रद्धेने बुद्ध गोंदलेला आहे. त्यांना हे कोणी सांगितले आहे काय?

'रीत पाळा' म्हटले की आमच्या कपाळावर आठी पडते आणि ती पडणारच. पाटलाच्या वाड्यापुढून चप्पल हातात घेऊन जाणे हीही गावची 'रीत'च होती! पण फरक ओळखला पाहिजे. ती चप्पल फक्त आमच्या बापजाद्यांनाच काढावी लागे. श्रीलंकेच्या विहारात मंत्रीही अनवाणी असतो आणि मजूरही. सर्वांना सारखी लागू होते ती शिस्त; एकालाच वाकवते ती गुलामी.

याबाबतीत बाबासाहेबांनीच मार्ग दाखवला आहे. १९५० च्या मे महिन्यात ते कोलंबोला गेले, ते बौद्ध देशात विधी-संस्कार कसे होतात आणि धम्म कितपत जिवंत आहे, हे स्वतः पाहण्यासाठी. एवढा प्रकांड पंडित परक्या देशात विद्यार्थी होऊन गेला! पण पाहिलेले सारे त्यांनी जसेच्या तसे उचलले नाही. १९५६ साली नागपुरात आम्हांला २२ प्रतिज्ञा दिल्या, त्या त्यांच्या स्वतःच्या चिंतनातून.

म्हणून आम्हीही नम्रतेने शिकावे, पण डोळे उघडे ठेवून. श्रीलंकेतल्या सियाम निकायात भिक्खू होण्याचा मान परंपरेने गोविगम या उच्च समजल्या जाणाऱ्या जातीपुरता राखला गेला, हेही आम्हांला ठाऊक असले पाहिजे. तिथल्या विहारात वाकावे ते बुद्धापुढे, जातीपुढे नव्हे.

आमची सूचना साधी आहे. यात्रा नेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी दोन रविवार विहारात बैठक घ्यावी. जाऊन आलेल्यांनी अनुभव सांगावेत, 'आयुबोवन' म्हणून हात जोडायला शिकवावे. तिथला माणूस आम्हांला पाहील तेव्हा त्याला नुसता पर्यटक दिसणार नाही, बाबासाहेबांचा समाज दिसेल. तो कसा दिसावा, हे आमच्याच हातात आहे.