माल परदेशात जातो, जबाबदारी कुठे जाते?

काही दिवसांपूर्वी आखातातील एका गिऱ्हाइकाकडून आमच्या दुकानावर एक फॉर्म आला. हे गृहस्थ आमच्याकडून जीन्स घेतात आणि पुढे युरोपातील दुकानदारांना विकतात. फॉर्म इंग्रजीत, पाने अकरा. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झालेले, म्हणून मुलाला वाचायला बसवले. प्रश्न असे होते: तुमचा माल कोण शिवतो? तेथे १४ वर्षांखालील मुले आहेत काय? कारीगरांना सरकारी दराने मजुरी मिळते काय? कारखान्याला बाहेर पडण्याची दुसरी वाट आहे काय? धुलाईचे पाणी कुठे सोडले जाते?

मुलाने विचारले, "अब्बा, काय लिहू?" आम्ही सांगितले, "सगळीकडे 'होय' वर खूण कर आणि पाठवून दे." ज्या प्रश्नाला 'होय' बसत नव्हते तेथे 'कायद्याप्रमाणे' असे लिहिले. ऑर्डर आली. माल गेला.

हे आम्ही फुशारकी म्हणून सांगत नाही. कॅम्प नं. ३ मध्ये इतकी वर्षे कापडाचा धंदा केल्यावर जे खरे आहे ते कबूल करावे, म्हणून सांगतो. त्या प्रश्नांपैकी निम्म्यांची उत्तरे आम्हाला ठाऊकच नव्हती. कापड आम्ही देतो, कटिंग एकाकडे, शिलाई दुसऱ्याकडे, काज-बटण तिसऱ्याकडे, धुलाई चौथ्याकडे, धागा कटिंग गल्लीतल्या बायकांकडे घरोघरी. प्रत्येकाचा दर आम्हाला तोंडपाठ आहे. पण त्याच्या कारखान्यात माणसे कशी राहतात, हे पाहायला आम्ही कधी जिना चढलो नाही.

वालधुनीचा जवाब

आमच्या गावाचा जन्मच उजाडलेल्या माणसांच्या हिमतीतून झाला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवले गेले आणि १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांनी येथे बाजार उभा केला. पुढे उत्तर प्रदेश, बिहारकडचे कारीगर आले आणि जीन्सच्या धंद्यात उल्हासनगरचे नाव देशभर झाले. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद आम्ही गिऱ्हाइकांना स्वतःच हसत हसत सांगत आलो. लेबलावर काहीही छापावे, माल खपला म्हणजे झाले, अशी ती वृत्ती होती.

पण लेबल कोणतेही लावा, पाणी मात्र वालधुनीतच गेले. अंबरनाथच्या डोंगराकडून येणारी ही नदी प्राचीन शिवमंदिराजवळून वाहत आमच्या गावात शिरते आणि कल्याणकडे जाते. जीन्सचा निळा रंग, ब्लीच आणि आसपासच्या कारखान्यांची रसायने तिने वर्षानुवर्षे पोटात घेतली. नोव्हेंबर २०१४ मध्ये कोणी तरी नदीत रात्री रसायन ओतले आणि काठच्या वस्तीतील शेकडो माणसे गुदमरून इस्पितळात गेली. ते रसायन जीन्सचे नव्हते, हे खरे. पण ही नदी म्हणजे हवे ते ओतण्याची जागा आहे, ही सवय लावणाऱ्यांत आमच्या धंद्याचाही हात होता.

'वनशक्ती' या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये या पट्ट्यातील नगरपालिका, महापालिका आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांना कोट्यवधी रुपयांचा दंड सुनावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१८ मध्ये उल्हासनगरातील सुमारे ५०० जीन्स धुलाई कारखान्यांची वीज व पाणी तोडले गेले. त्या वेळी बाजारात एकच ओरड झाली: "रोजगार बुडाला." रोजगार बुडाला हे खरेच. पण बुडाला कोणाचा? धुलाईवाल्याचा आणि त्याच्याकडे राबणाऱ्या पोरांचा. आम्ही व्यापाऱ्यांनी काय केले? महिनाभर हळहळलो आणि धुलाई दुसऱ्या तालुक्यात नेली. भाडे थोडे वाढले, तेवढेच. ज्या परदेशी कंपन्यांच्या अंगावर तो निळा रंग शोभत होता, त्यांना तर काही झाल्याची खबरही लागली नसेल.

मुद्दा नेमका हाच आहे. शिक्षा नेहमी साखळीच्या शेवटच्या कडीला होते. नफा मात्र पहिल्या कडीकडे जातो.

कराची आणि ढाका

परदेशात काय घडले तेही वाचकांनी ध्यानात घ्यावे. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीच्या बलदिया भागात अली एंटरप्रायझेस या कारखान्याला आग लागली. अडीचशेहून अधिक कारीगर मेले. तेथे मुख्यतः जर्मनीच्या 'किक' या कंपनीसाठी जीन्स व इतर कपडे शिवले जात. विशेष म्हणजे काहीच आठवड्यांपूर्वी या कारखान्याला कामगारांच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. आग खंडणीसाठी लावली होती, असा निकाल तेथील न्यायालयाने २०२० मध्ये दिला. पण आग कोणीही लावो, खिडक्यांना गज आणि दारांना कुलपे नसती तर इतकी माणसे आत अडकली नसती. गज आणि कुलपे खंडणीखोरांनी लावली नव्हती.

त्यानंतर आठ महिन्यांच्या आत, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. ११०० हून अधिक माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरील बँकेने आपली माणसे घरी पाठवली. वरच्या मजल्यांवरील शिलाई कारीगरांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले, कारण परदेशी ऑर्डरची तारीख चुकत होती. ढिगाऱ्यातून प्रेतांबरोबर युरोप-अमेरिकेतील बड्या दुकानांची लेबलेही निघाली. काही कंपन्या आधी म्हणाल्या की आमचा माल तेथे शिवला जातो हे आम्हाला ठाऊकच नव्हते.

हे वाक्य वाचून आम्ही क्षणभर थांबलो, कारण आमच्या अकरा पानी फॉर्मचा अर्थही तोच होता. त्यांना ठाऊक नव्हते, आम्हालाही ठाऊक नाही. फरक एवढाच की ते मोठे आणि आम्ही छोटे.

कायदा काय म्हणतो?

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने जून २०११ मध्ये या विषयावर ३१ तत्त्वे मंजूर केली. प्राध्यापक जॉन रगी यांनी ती तयार केली होती. त्यांचा सारांश तीन वाक्यांत येतो. माणसाच्या हक्कांचे रक्षण करणे सरकारचे काम आहे. त्या हक्कांचा आदर राखणे कंपनीचे काम आहे, आणि तेही केवळ स्वतःच्या कारखान्यात नव्हे, तर तिच्या धंद्याशी जोडलेल्या ठिकाणीही. ज्याचे नुकसान झाले त्याला दाद आणि भरपाई मिळाली पाहिजे.

ही तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. म्हणून फ्रान्सने २०१७ मध्ये कायदा केला. जर्मनीचा कायदा २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये सर्व सदस्य देशांसाठी निर्देश मंजूर केला. मात्र कारखानदारांची तक्रार होताच २०२५ मध्ये त्याची मुदत पुढे ढकलण्यात आली. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१९ मध्ये जबाबदार व्यवसायाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना त्याबाबतचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला.

कोणी म्हणेल, ही सारी गोऱ्यांची नवी टूम आहे, आपला धंदा मारण्याची युक्ती आहे. आम्हाला हे मत अर्धेच पटते. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्या कंत्राटी कामगार कायद्यात १९७० पासून होते. म्हणजे काम दुसऱ्याच्या हाताने करून घेतले म्हणून आपण मोकळे होत नाही, हे आपल्या देशाला कोणी परदेशी माणसाने शिकवलेले नाही. 'जबाबदार' हा मराठीतला शब्दही 'जवाब' वरूनच आला. ज्याला विचारले असता उत्तर द्यावे लागते तो जबाबदार. ज्याला उत्तर ठाऊकच नाही, तो जबाबदारी घेणार कशी?

मग अर्धे पटत नाही ते कोणते? तेही स्पष्ट लिहितो.

दर खाली, नियम वर

ज्या गिऱ्हाइकाने अकरा पानांचा फॉर्म पाठवला, त्यानेच त्याच आठवड्यात पीसमागे दर कमी करायला सांगितले. पेमेंट १२० दिवसांनी. माल चार दिवस उशिरा गेला तर कपात. आता हिशेब करा. समजा, पाणी नीट शुद्ध करून सोडणाऱ्या धुलाईवाल्याला पीसमागे सहा रुपये जास्त पडतात. हे सहा रुपये द्यायचे कोणी? परदेशी दुकान देत नाही, मधला दलाल देत नाही, आमच्या नफ्यात ते बसत नाहीत. मग आम्ही स्वस्तातला धुलाईवाला शोधतो आणि तो रात्री नाल्यात पाणी सोडतो. तारीख जवळ आली की शिलाईवाला पोरांना रात्रभर बसवतो. चार महिने पैसे अडकले की ठेकेदार मजुरी थकवतो. फॉर्ममध्ये ज्या पापांची चौकशी आहे, त्यातली अर्धी पापे खरेदीच्या अटींतूनच जन्माला येतात.

२०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा हेच उघडे पडले. परदेशी कंपन्यांनी बांगलादेशातील सुमारे तीन अब्ज डॉलरच्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा थांबवल्या. त्यात कित्येक ठिकाणी कापड कापून झाले होते, माल शिवून तयार होता. ओरड झाल्यावर काहींनी पैसे दिले. वेबसाइटवर कारीगरांच्या हक्कांच्या गोष्टी करणारे संकटात पहिल्यांदा कारीगराचाच हात सोडतात, हे जगाने पाहिले.

म्हणून आमचे म्हणणे असे की जबाबदारीचा कागद दोन्ही बाजूंनी सही होणारा असावा. मजुरी वेळेवर द्या असे लिहून घेता, तर पेमेंट वेळेवर देऊ असेही लिहून द्या. पाणी शुद्ध करा म्हणता, तर दरात त्याचा खर्च धरा. नुसती तपासणी पुरत नाही, हे कराचीच्या प्रमाणपत्राने सिद्ध केले आहे. राणा प्लाझानंतर कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. इमारतींची तपासणी स्वतंत्र इंजिनिअरांनी केली, अहवाल जाहीर झाले आणि दुरुस्ती होईल हे पाहणे कंपन्यांवर बंधनकारक ठरले. बांगलादेशात सुधारणा झाली ती या बंधनामुळे. नुसत्या फॉर्मने ती कधीच झाली नसती.

आम्ही काय करावे?

पण परदेशी कंपनी सुधारेल तेव्हा आम्ही सुधारू, असे म्हणणे म्हणजे पळवाट आहे. जे परदेशी गिऱ्हाईक आमच्याशी करते, तेच आम्ही आमच्या जॉब वर्कवाल्याशी करतो. तो दोन रुपये मागतो तेव्हा आम्ही एक देतो. पैसे मागायला आला तर "पुढच्या जुम्म्याला ये" म्हणतो. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे कमाल ४५ दिवसांत द्यावेत, असा कायदा २००६ पासून आहे, आणि २०२४ पासून मुदतीत न दिलेली रक्कम आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून धरली जात नाही. हा नियम आला तेव्हा बाजारात मोर्चाची भाषा झाली. ज्यांचे पैसे अडकतात त्या शिलाईवाल्यांना कोणी विचारले नाही.

म्हणून आमच्या व्यापारी बंधूंपुढे चार साध्या गोष्टी ठेवतो. पहिली, माल ज्याच्याकडे जातो त्याचे नाव व पत्ता चलनावर खरा लिहावा आणि सहा महिन्यांतून एकदा तेथे स्वतः जावे. दुसरी, कारखान्याचे दार बाहेरून बंद असेल, किंवा एकच अरुंद जिना असून त्यावर मालाचे गठ्ठे रचले असतील, तर तेथे माल देऊ नये. तिसरी, जीन्सवर पोटॅशियम परमँगनेट फवारणाऱ्या किंवा वाळूचा मारा करणाऱ्या पोराला तोंडाला रुमाल बांधून काम करायला लावू नये. वाळूच्या माऱ्याने तुर्कस्तानात तरुण पोरांची फुप्फुसे गेली आणि त्या सरकारला २००९ मध्ये ही पद्धत बंद करावी लागली. चौथी, पाणी शुद्ध करणाऱ्या धुलाईवाल्यांचा दर सर्वांनी मिळून ठरवावा, म्हणजे प्रामाणिक माणूस महाग म्हणून मरणार नाही. एकट्या दुकानदाराला हे जमणार नाही. संघटनेने मनावर घेतले तर गिऱ्हाइकालाही सांगता येईल की उल्हासनगरचा माल या दराखाली मिळत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही मुलाला घेऊन आमच्या धुलाईवाल्याकडे गेलो. आमचा माल तेथे कित्येक दिवस जात होता, पण जागा पहिल्यांदाच पाहिली. पत्र्याची शेड, गुडघाभर निळे पाणी, त्यात अनवाणी उभी असलेली चार पोरे. त्यातल्या एकाचे हात कोपरापर्यंत निळे होते. आम्ही विचारले, "धुतल्यावर जातो का रंग?" तो म्हणाला, "सेठ, ईदला गावी जातो तेव्हा थोडा फिका पडतो."

आम्ही त्या धुलाईवाल्याला रबरी बूट आणि हातमोजे घ्यायला सांगितले, दर दोन रुपयांनी वाढवला आणि पाण्याची सोय करायला तीन महिन्यांची मुदत दिली. ती पाळली गेली नाही तर माल दुसरीकडे नेण्याआधी त्याच्या पोरांचे काय होईल, याचाही विचार आता करावा लागेल. हे सोपे नाही. दोन रुपये आमच्या नफ्यातून गेले आहेत आणि गिऱ्हाइकाने अजून एक पैसाही वाढवलेला नाही.

नवा फॉर्म आला आहे. या वेळी पाण्याच्या प्रश्नापुढे आम्ही 'होय' वर खूण केली नाही. काय आहे, काय नाही आणि ते करायला पीसमागे किती खर्च येईल, ते मुलाकडून इंग्रजीत लिहून घेतले. खाली आमचाही एक प्रश्न जोडला: यातला तुमचा वाटा किती? त्याचे उत्तर अजून यायचे आहे.