झिजलेले बुश आणि आपण कलाशाखेवाले

वार्षिकांकासाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाचे बंधन घातले नाही, हे त्यांचे औदार्य. तरीही माझा विषय ऐकल्यावर वर्गातला एक मित्र म्हणालाच, "हा लेख आयटीआयच्या अंकात दे." मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीने मोटारीच्या सस्पेन्शनच्या बुशावर लिहावे, हे काही त्याच्या पचनी पडेना. माझा वाद त्या वाक्याशी आहे.

आमच्या घरी २००९ सालची मारुती ८०० आहे. हे मॉडेल डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आले आणि जानेवारी २०१४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. म्हणजे आमची गाडी त्या घराण्यातली बरीच धाकटी. तिचे मुख्य काम एकच. महिन्यातून दोनदा आजीला मूलहून चंद्रपूरला दवाखान्यात नेणे आणि परत आणणे. हा रस्ता ज्यांना ठाऊक आहे त्यांना केळझर, चिचपल्ली, लोहारा ही नावे सांगितली की पुढचे सांगावे लागत नाही. दोन्ही बाजूंना जंगल, आणि दवाखान्यातून निघायला उशीर झाला की अंधार. इथे गाडी बंद पडली तर खाली उतरून बॉनेट उघडायचे की काचा वर करून बसून राहायचे, असा प्रश्न पडतो. वाघांचा जिल्हा म्हणून आपण पाहुण्यांपुढे मिरवतो खरे; पण संध्याकाळी त्या रस्त्यावर तो अभिमान थोडा आवरता घ्यावा लागतो.

गेल्या उन्हाळ्यात गाडी खटखटू लागली. खड्डा आला की डावीकडून खट्, आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढली जाई. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथल्या माणसाने खाली वाकून न बघताच दोन्ही बाजूंचे अख्खे आर्म बदलण्याचा खर्च सांगितला आणि वर सल्ला दिला, "विकून टाका, इतक्या जुन्या गाडीत पैसे घालू नका." बाबांना ते जवळजवळ पटले होते. आधीच पंधरा वर्षे भरल्यावर नोंदणीच्या नूतनीकरणाला पाच हजार रुपये भरून झाले होते. एप्रिल २०२२ पूर्वी हेच काम सहाशे रुपयांत होत असे. जुन्या वस्तूला आता घरी ठेवून घ्यायचीसुद्धा किंमत पडते. गाडी गेली असती तर आजीला एसटीने न्यावे लागले असते, आणि तिचे गुडघे एसटीची पायरी चढत नाहीत.

तेव्हा मी गाडीखाली डोकावून पाहिले. बुश म्हणजे काय हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते, हे कबूल करते. चाकाला धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, तो गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो, तिथे लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये रबर बसवतात. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि दोन्हींना घट्ट चिकटलेले रबर. हात वरखाली होतो तेव्हा हे रबर सरकत नाही, पिळले जाते आणि पुन्हा सुटते. खड्ड्याचा धक्का ते स्वतः खाते. मारुती ८०० मध्ये पुढच्या बाजूला आडवी स्टॅबिलायझरची दांडी असते. तिची टोके या हातांत अडकवलेली असतात आणि चाक मागेपुढे होऊ न देण्याचे कामही तीच करते. त्या टोकाचे रबर गेले की ब्रेक दाबताच चाक मागे सरकते आणि गाडी ओढू लागते. आमचे दुखणे हेच होते. रबराला उष्णता, ओझोन आणि तेल या तिन्हींचे वावडे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्यात कोळशाच्या ट्रकांनी आणि आष्टी-आलापल्लीकडे सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी उखडलेले रस्ते. बुश तिथे झिजण्यासाठीच बसवलेला असतो. तो झिजला म्हणजे त्याने आपले काम केले. एवढ्यासाठी गाडी विकणे म्हणजे चपलेचा अंगठा तुटला म्हणून नवी चप्पल घेणे.

रबरे शंभराच्या काही नोटांत आली. शेजारच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीकाकांकडून दोन घोड्या मागून आणल्या. ही गोष्ट मात्र मी बजावून सांगेन: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालू नये. गाडीचे दोन्ही पुढचे भाग घोड्यांवर टेकवले, मागच्या चाकांना दगड लावले. पुढची एकच बाजू उचलली तर ती आडवी दांडी पिळलेली राहते आणि नट सुटताच उसळते. गंजलेल्या नटांनी अर्धा दिवस खाल्ला. जुना बुश आर्ममधून काढायला प्रेस नव्हता. मग एक लांब बोल्ट, बुशाच्या मापाचा पाना-सॉकेट आणि पलीकडे पाइपाचा तुकडा लावून, बोल्ट आवळत आवळत तो बाहेर ओढला. नवा तसाच आत बसवला, साबणाचे पाणी लावून. ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते.

संध्याकाळी सगळे आवळून मी विजयी मुद्रेने उभी राहिले. मिस्त्रीकाका घोड्या न्यायला आले आणि खाली वाकून म्हणाले, "चाक लोंबत असताना आवळलंस का पोरी? पुन्हा ढिलं कर." कारण मला नंतर कळले. लोंबत्या अवस्थेत नट आवळला की रबर त्याच स्थितीत जखडते. गाडी जमिनीवर आली की ते कायमचे पिळलेले राहते आणि लवकरच फाटते. शेवटचे आवळणे गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच करायचे. जुन्या दाराच्या चौकटीच्या सागवानी फळ्या परसात पडून होत्या, त्यांवर चाके ठेवून मी ते सगळे पुन्हा केले. (ज्या बल्लारपूरच्या डेपोतून २०२३ साली अयोध्येला सागवान गेले, त्याच सागाची ही गरीब भावंडे.)

आता माझे म्हणणे. हे सगळे समजायला मला विज्ञानशाखेची पदवी लागली नाही. वजन कुठे आहे, काय कशाला धरून आहे, आधी काय सुटेल, हे नीट वाचावे लागले, आणि वाचणे तर आपला विषय! आपण झाडीबोलीतले शेतीचे, लग्नाचे शब्द प्रकल्पासाठी गोळा करतो. पण घोडी, पाटा, काबला, चाकी, गुटका हे शब्द रोज बोलणारी माणसे बसस्टँडच्या पलीकडे बसतात, त्यांच्याकडे वही घेऊन कुणी जात नाही. मूलजवळ सोमनाथला बाबा आमट्यांनी तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तिथे आठवडाभर कुदळ मारून आलेले आपले मित्र घरची सायकल मात्र पंक्चरवाल्याकडे ढकलत नेतात. मीही त्यातलीच होते.

कुणी म्हणेल, यात मिस्त्रीचे पोट मारले जाते. मिस्त्रीकाकांना मी विचारले. ते म्हणाले, बुशासारखे किचकट काम गिऱ्हाईक घरी करणार असेल तर बरेच आहे, निदान नेमके दुखणे काय ते तरी सांगता येईल त्याला. आणि सगळेच घरी करावे असे मीही म्हणत नाही. ब्रेकला मी हात लावला नाही. चाकांचे अलाइनमेंट चंद्रपूरला यंत्रावर करून घेतले, कारण आर्म काढला की ते बिघडतेच. माझी सूचना एवढीच आहे की सायकल स्टँडच्या कोपऱ्यात एक टेबल, एक वाईस आणि पान्यांचा एक संच महाविद्यालयाने ठेवावा. जिमखान्याच्या कॅरम बोर्डांहून फार महाग पडणार नाही.

पुढच्या फेरीला आजी चिचपल्लीपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "आवाज नाई येऊन राह्यला आज."

मागचे बुश अजून जुनेच आहेत. ते काम दिवाळीच्या सुट्टीतल्या पहिल्या रविवारी ठरले आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी सकाळी सातला यावे, ऊन चढण्याआधी. येताना एखादी चांगली कानस मिळाली तर आणावी, आमची बोथट झाली आहे.