आभासी चलन, प्रवासाचे तिकीट आणि आपली रोजकीर्द

परदेशप्रवासाचे आरक्षण बिटकॉइनसारख्या आभासी चलनात करता येते काय, असा प्रश्न तरुण व्यापारी अलीकडे विचारतात. उत्तर होकारार्थी आहे. एक्सपीडिया या अमेरिकन कंपनीने 2014 मध्ये हॉटेलांसाठी बिटकॉइन स्वीकारण्यास आरंभ केला आणि 2018 मध्ये ही सोय बंद केली. पुढे इतर कंपन्या या क्षेत्रात उतरल्या.

यांतील 'वाइंडिंग ट्री' हा प्रकल्प मुक्तस्रोत आहे. म्हणजे त्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता व तपासता येते. हॉटेले आणि विमानकंपन्यांनी खोल्या व आसने ग्राहकांपुढे थेट मांडावीत आणि मधली दलाली वाचवावी, ही त्यामागील कल्पना. अडत्याचा खर्च जाणणाऱ्या आपल्या वाचकांना ती सहज पटेल.

मात्र आज्ञावली खुली असली म्हणून व्यवहार निर्धोक ठरत नाही. कार्डाने पैसे भरले आणि सेवा मिळाली नाही, तर बँकेकडे तक्रार नोंदवून रक्कम परत मागता येते. आभासी चलन एकदा पाठवले की ते कोणतीही बँक परत आणू शकत नाही. परतावा सर्वस्वी विक्रेत्याच्या अटींवर अवलंबून राहतो. तो नाण्यात मिळणार की त्या दिवशीच्या किमतीने, हे आधीच वाचून घ्यावे.

दुसरा मुद्दा कराचा. नाणे देऊन तिकीट घेणे हे कायद्याच्या दृष्टीने त्या नाण्याचे हस्तांतरण होय. 2022 च्या अर्थसंकल्पाने अशा नफ्यावर 30 टक्के कर लावला. समजा, 40,000 रुपयांना घेतलेल्या नाण्यांतून 1,00,000 रुपयांचे तिकीट काढले. नफा 60,000, त्यावर कर 18,000 आणि 4 टक्के उपकर 720. एकूण 18,720 रुपये देय. दुसऱ्या नाण्यात झालेला तोटा यातून वजा होत नाही, पुढील वर्षी ओढताही येत नाही. टीडीएस कापला गेला नाही, म्हणून हे दायित्व संपत नाही.

म्हणून आरक्षणाच्या दिवशीच रोजकीर्दीत नाण्यांची संख्या, मूळ खरेदीकिंमत, त्या दिवसाचा रुपयातील भाव आणि आरक्षण क्रमांक लिहून ठेवावा. प्रवास पेढीच्या कामाचा असेल, तर पैसे पाठवण्यापूर्वीच आपल्या सनदी लेखापालांना विचारावे. वर्षअखेरीस जुने भाव शोधत बसण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त पडते.