रहस्यकथेच्या शेजारी नारळीकर



‘चांगली पुस्तके मोबाइल सुचवतो, ग्रंथालये हवीत कशाला?’ हे वाचकपत्र वाचले. मोबाइल आपल्याच आवडीचे पुन्हा पुढे करतो; न शोधलेले पुस्तक भेटते ते ग्रंथालयात किंवा ग्रंथपेटीत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. १०० पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते, काही महिन्यांनी बदलते. रहस्यकथा शोधणाऱ्या आमच्या शेजारच्या काकूंच्या हाती पेटीतून विज्ञानकथा लिहिणारे जयंत नारळीकर लागले. पेटी बदलायची वेळ आली तरी काकू पुस्तक सोडेनात! न शोधलेली वाट अशीच सापडते: त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळकेही चित्रकला, छायाचित्रण, छपाई धुंडाळतच सिनेमाकडे वळले; ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्यात टिपली होती. पत्रलेखकांनी एखाद्या गटात नाव घालावेच. पेटीची खोड एकच, हवे ते पुस्तक नेमके दुसऱ्याने नेलेले असते.

— एक वाचक, नाशिक