एका चिन्हाची अनेक नावे

मुलांनो, ई-मेलच्या पत्त्यातील @ हे चिन्ह तुम्ही पाहिलेच असेल. इंग्रज व्यापारी ते हिशेबात वस्तूच्या दरासाठी लिहीत. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने ते ई-मेलच्या पत्त्यात योजले. पुढे ते देशोदेशी गेले. इटलीतील लोकांना त्यात गोगलगाय दिसली, हॉलंडमधील लोकांना माकडाचे शेपूट, तर रशियातील लोकांना चक्क कुत्रा! ज्याला जे दिसले, तेच त्याने नाव दिले. यांत चुकले कोण? कोणीच नाही.

आपण मात्र ‘ॲट द रेट’ म्हणतो. रेट म्हणजे दर. पत्त्याला दर कसला? परक्या भाषेतील शब्द घेणे हा दोष नव्हे. तो विचार न करता घेणे हा आळस होय. १९ व्या शतकात इंग्रजीतून विरामचिन्हे मराठीत आली, तेव्हा मराठीने त्यांना पूर्णविराम, स्वल्पविराम, उद्गारचिन्ह अशी अर्थपूर्ण नावे दिली. चिन्हे परकी, पण नावे आपली!

मला @ मध्ये जिलबी दिसते. तुम्हांला काय दिसते? आधी नीट पाहा, मगच नाव द्या.