भांडण दोघांचे, रक्त मुलाचे

घटस्फोटाच्या दाव्यात पत्नीचा व्यभिचार सिद्ध करायला मुलाची डीएनए चाचणी मागण्याचा डाव सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हाणून पाडला, हे योग्यच झाले. वैध विवाहात जन्मलेले मूल औरस, हे १८७२च्या पुरावा कायद्यातले गृहीतक भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्येही कायम आहे. ते मोडायला गर्भधारणेच्या काळात पती-पत्नींचा संपर्कच शक्य नव्हता, हे दाखवावे लागते. नुसता संशय पुरत नाही; मग तो मोबाइलमधल्या संदेशांनी कितीही फुगलेला असो.

यावर आक्षेप ठरलेला: दुसऱ्याच्या मुलाची पोटगी पुरुषाने का भरावी? आक्षेप पोकळ नाही. नागपूरच्या एका प्रकरणात २०१४ मध्ये याच न्यायालयाने हाती आलेला डीएनए अहवाल गृहीतकापेक्षा वरचढ मानला आणि मुलीची पोटगी थांबवली. आधी दिलेली रक्कम मात्र परत घेऊ दिली नाही. पण तिथे वाद पितृत्वाचाच होता. व्यभिचाराला हॉटेलच्या नोंदी, कॉलचा तपशील, साक्षीदार असे पुरावे असू शकतात. त्यासाठी जो दाव्यात पक्षकारच नाही, त्या मुलाचे रक्त कशाला? अहवाल नकारार्थी आला तर नवऱ्याला घटस्फोटाचे कारण मिळते, मुलाचा बाप मात्र जातो, आणि त्याच्या जागी कायदा दुसरा कुणी आणून देत नाही.