रस्ता नाही म्हणजे मालक नाही?



कापसा-ज्वारीच्या मुलखातल्या पत्रकात समुद्रकिनाऱ्याचे काय काम, असे बैठकीत कोणीतरी विचारणारच. काम आहे, म्हणूनच लिहीत आहोत.

शहरातल्या हौशी मंडळींनी एक शब्द रूढ केला आहे, 'ऑफ-रोड'. म्हणजे रस्ता सोडून गाडी चालवणे. शुक्रवारी रात्री पुण्या-मुंबईहून चारही चाकांना जोर असलेली पंधरा-वीस लाखांची जीप काढायची. घाट उतरून मंडणगड, दापोली, गुहागरकडचे एखादे आडबाजूचे गाव गाठायचे आणि ओहोटी लागली की गाडी पुळणीवर घालायची. टायरातली हवा कमी करायची, म्हणजे चाक वाळूत रुतत नाही. तंबू ठोकायचा, शेकोटी पेटवायची, रविवारी संध्याकाळी परत. याचे नाव 'निर्जन किनाऱ्यावरची साहसी सहल'.

रस्त्याशिवाय गाडी हाकणे हे साहस असेल, तर पावसाळ्यात काळ्या चिखलाच्या पांदणीतून बैलगाडीत बाळंतीण नेणाऱ्याला कोणते पदक द्यायचे? शेतापर्यंत रस्ता व्हावा म्हणून सरकारला २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढावी लागली. स्वातंत्र्याला चौऱ्याहत्तर वर्षे झाल्यावर! जे आमचे दुखणे, ती त्यांची करमणूक. असो. हौसेला मोल नसते म्हणतात. आमचे म्हणणे असे की या हौसेलाही मोल आहे, फक्त ते हौस करणारा देत नाही. किनाऱ्यावरचे गाव देते.

मुळात 'निर्जन' हा शब्दच खोटा आहे. त्या पुळणीवर रापण ओढली जाते, होड्या ओढून ठेवल्या जातात, जाळी पसरतात, मासळी वाळत पडते. मागे नारळी-पोफळीच्या वाड्या असतात. शहरापासून लांब म्हणजे निर्जन, असा हा हिशेब. आपल्याला तो नवा नाही. आपले गायरान, आपले माळरान यांनाही बाहेरचा माणूस 'रिकामी जागा'च म्हणतो. तिथे शेरडे चरतात, सरपण मिळते, हे त्याच्या नजरेत भरत नाही.

आता चाकाखाली काय जाते ते पाहा. भरतीच्या रेषेच्या वर, वाळूच्या टेकाडांवर मर्यादवेल पसरते. नाव किती नेमके! समुद्राची मर्यादा तीच राखते. तिच्या मुळ्या वाळू धरून ठेवतात, वाळूचे टेकाड वादळातल्या लाटेला अडवते, मागची वाडी वाचते. आपल्या शेताला जसा बांध, तसा हा गावाचा बांध. जीप दोनचार वेळा त्यावरून चढली-उतरली की वेल तुटते आणि वाळू वाऱ्याला मोकळी होते. तुमच्या बांधावर कोणी मौजेखातर ट्रॅक्टर घातला तर तुम्ही गप्प बसाल?

दुसरी गोष्ट कासवांची. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले निघतात, बोटभर लांबीची. वाळूवरून चाक गेले की वाळू दबते आणि खालच्या अंड्यांना धोका होतो. पिल्लू वर आलेच, तर वाटेत टायरची चाकोरी. आपल्याला ती वीतभर खोल दिसते, त्याला ती विहीर असते. त्यात पिल्लू उजेडाकडे ओढले जाणारे. गाडीचे दिवे आणि शेकोटी त्याला समुद्राऐवजी उलट दिशेला नेतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी. त्याचे अंडे उचलणाऱ्या गरिबाला कायदा लगेच सापडतो, जीपवाल्याला शोधायला निघत नाही.

"पण पर्यटनाने गावाला पैसा मिळतो!" कोणत्या पर्यटनाने, ते विचारा. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी मिळून कासवांची घरटी राखू लागले. २००६ पासून तिथे कासव महोत्सव होतो. लोक येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, गावचे जेवण जेवतात, त्याचे पैसे देतात आणि पुळणीवर पायी चालत जाऊन पिल्ले पाहतात. हे झाले पर्यटन. तंबू, शिधा, गॅस, पाणी सगळे शहरातून आणणारा गावाला काय देतो? कचरा. आणि गाडी रुतली, भरती चढू लागली की ट्रॅक्टर आणायला मात्र गावच्याच पोराकडे धावतो. बाहेर काढल्यावर दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो. कापूस गाडीत भरून आणल्यावर भाव पाडणारा व्यापारी आठवला ना?

"समुद्र काय कोणाच्या बापाचा आहे?" नाही. पण मग १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने खेड्यातल्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरांत नवे घर का अडवले? २०११ आणि २०१९ मध्ये नियम बदलले, काही सवलती आल्या, पण कोळ्याच्या घराचा कागद अजून टेबलाटेबलावर फिरतो. विटा मोजणारे हात चाके मोजताना लुळे का पडतात?

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न हाताळला आहे. दक्षिण आफ्रिकेने जानेवारी २००२ पासून मौजेखातर किनाऱ्यावर गाडी नेण्यास देशभर बंदी केली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या क'गारी या वाळूच्या बेटावर गाडी चालते, पण आधी पैसे भरून परवाना घ्यावा लागतो, वेगाला मर्यादा आहे, रस्त्याचे नियम पुळणीवरही लागू आहेत. एकाने बंदी केली, दुसऱ्याने मोल लावले. आपल्याकडे दोन्ही नाही. कुठे फलक लागलाच, तर त्याच्याजवळ उभे राहायला माणूस नसतो.

आम्हाला मुंबईतून सुटलेली सरसकट बंदी नको. बंदी आली की मागोमाग हप्ता येतो. हक्क गावाचा हवा. गाडी पुळणीवर येऊ द्यायची की नाही, कुठपर्यंत, किती पैशांत, हे ग्रामसभेने ठरवावे. कासवांच्या हंगामात घरट्यांच्या किनाऱ्यावर चाक फिरू नये. जमलेली रक्कम ग्रामपंचायतीकडेच राहावी. रुतलेली गाडी काढण्याचा दर गावाने फलकावर लिहावा. घासाघीस बंद. समुद्र पाहणे हा गुन्हा नाही. आपल्याही पोराबाळांनी एसटीने जाऊन तो जरूर पाहावा, पायी चालून.

जिल्हा बैठकीत किनाऱ्यावरच्या गावांच्या बाजूने या मागण्यांचा ठराव मांडत आहोत. हात वर करताना एवढेच आठवा, की जिथे रस्ता पोचला नाही तिथे माणूस कधीचाच पोचला आहे. त्याला विचारल्याशिवाय आत यायचे नाही. किनाऱ्यावर हे आज ठरले, तर उद्या आपल्या माळरानाच्या तोंडाशीही जीपवाल्याला थांबून विचारावे लागेल.